उभ्या खिडक्या

५ जानेवारी

चिमण्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर पत्रात मोजून द्यायचे नसतात. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानेच भरते. मग त्यातून भांडणं होतात. म्हणून पत्र बरं.

तुझं फिरतं घर तयार झालं हे वाचून जीव सुपाएवढा झाला. छत्तीस वर्षं डेपोच्या बस हाकल्यास, आणि आता जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, हात धुवायचं भांडंसुद्धा बसवलंस. सहासष्टाव्या वर्षी माणसं गुडघे चोळत बसतात, तू चाकांवर घर उभं केलंस. लहानपणी एक खेळणं धड न ठेवणारा तूच का तो?

आता कुठे जायचं ते मी ठरवणार. मला बहात्तर वर्षं झाली, मी अजून समुद्र पाहिलेला नाही. जन्म शिलाई मशीनवर गेला. पाय दिवसभर चालले आणि मी होते तिथेच. आमच्या गल्लीतल्या केस कापायच्या दुकानात एक जुनं कॅलेंडर लटकतंय, त्यावर घाटापलीकडचा तो कोयत्याच्या पात्यासारखा वाकलेला किनारा आहे. पांढरी वाळू, मागे डोंगर. मला तिथेच जायचंय. दुसरा माल दाखवू नकोस.

पडदे मी शिवणार. सोबत माझा कापडी टेप पाठवतेय. तुझ्या पेटीतल्या लोखंडी पट्टीने मोजू नकोस. लोखंडी पट्टीने मोजलेल्या पडद्याला हमखास झोळ येतो, हा माझा पन्नास वर्षांचा अनुभव आहे. रुंदी कळव, उंची कळव. अंदाजपंचे नको.

तुझ्या लेकीला सांग, न्हाणीघरात पडले तेव्हा मुरगळलेला पाय बरा झाला. "आत्या एकटी कशी राहणार" हे तिचं पालुपद तेवढं अजून बरं झालेलं नाही.

तुझी ताई


२१ जानेवारी

ताई,

नमस्कार. टेप मिळाला. मापं घे. बाजूच्या चार खिडक्या, रुंदी सव्वीस इंच, उंची बेचाळीस. मागची एक, रुंदी वीस, उंची चव्वेचाळीस.

किनाऱ्याचं मात्र माझं ऐक. तो वाकडा किनारा नको. तिथे गर्दी फार. पाण्यात जेलीफिश असतात, पायाला लागले तर फोड येतात. वाराही वाईट. आपण मिठागरांकडच्या किनाऱ्याला जाऊ. सपाट, मोकळा, शांत. तिथे फिरती घरं उभी करायला एक आवार आहे. नळ आहे, झाडं आहेत. डिसेंबरात मी जाऊन पाहून आलो. सकाळी उजाडल्यावर निघू, चारच्या आत पोचू.

तुला तीन पायऱ्या चढता येतात ना, कठडा नसला तरी? आणि तुझे दवाखान्याचे कागद एका पिशवीत घालून आण. लेक म्हणते, बरोबर असलेले बरे. कपडे चार जास्तच घे.

अक्षर मोठं आलंय. पेन जाड आहे.

चिमणा


३० जानेवारी

मिठागरांजवळचं आवार सांभाळणारे भाऊ यांना,

तुम्ही मला ओळखत नाही. मी शिवणकाम करणारी बाई आहे. माझा धाकटा भाऊ त्याच्या फिरत्या घरातून मला तुमच्या आवारात आणणार म्हणतो. त्याआधी मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. विचारलं हे पोटात ठेवा.

झालंय असं की भावाने गाडीच्या खिडक्यांची मापं पाठवली. मी पन्नास वर्षं लोकांच्या खिडक्या झाकत आले आहे. बसची खिडकी आडवी असते. माणसं बसून बाहेर बघतात, म्हणून रुंद आणि बुटकी. त्याने पाठवलेल्या खिडक्या उभ्या आहेत. बेचाळीस इंच उंच! अशी खिडकी मिनीबसला लावली तर ती छपरातून डोकं बाहेर काढील. अशी खिडकी घराच्या खोलीला असते. त्यातूनही एक पलंग, एक खुर्ची आणि उशाला बोलवायची घंटा असलेल्या खोलीला. पुढे तो विचारतो, पायऱ्या चढशील का, दवाखान्याचे कागद आण, कपडे जास्त घे. चार दिवसांच्या सहलीला जास्तीचे कपडे कशाला? माझी शाळा चौथीत सुटली, पण दोन आणि दोन किती हे त्याच्याआधी शिकवून झालं होतं.

मी सरळच विचारते. तुमच्या जवळपास म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एखादी जागा आहे का? तिला पायऱ्या किती? तिच्या खिडक्या उभ्या की आडव्या? आणि डिसेंबरात रुंद खांद्यांचा, खाकी टोपी घालणारा एक माणूस तिथे चौकशीला आला होता का?

माझं घर दोन खोल्यांचं आहे, पण त्यात माझं मशीन आहे आणि दाराला आतून कडी आहे. ती कडी मी स्वतः लावते. एवढंच मला राखायचंय.

उत्तरासाठी पत्ता लिहिलेलं पाकीट जोडलंय.

एक शिवणारी बाई


११ फेब्रुवारी

आजी,

पत्र मिळालं. आवारात सध्या दोनच गाड्या आहेत, त्यामुळे सवड आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. हो, रस्त्यापलीकडे एक पिवळी इमारत आहे, तिथे वृद्धांना ठेवतात. जागा चांगली आहे. माझी सासू तिथेच असते आणि मला रोज एक नवी तक्रार ऐकवते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. पायऱ्या तीन. खिडक्या उभ्या. मी मोजायला गेलो नाही, पण गेल्या वर्षी रंगारी आला होता तो साडेतीन फूट म्हणाला होता.

तुमचे भाऊ आले होते. जरा चमत्कारिकच वाटले, राग मानू नका. आल्या आल्या विचारलं, रस्ता अजून पहिल्यासारखा सरळच आहे ना, मधे कुठे नवीन वळण काढलंय का. मग आवाराची लांबी पावलांनी मोजली, मोठ्याने आकडे म्हणत. नंतर पिवळ्या इमारतीच्या फाटकाशी बराच वेळ उभे राहिले, पाटीला जवळजवळ नाक लावून. मी मागून विचारलं, "काका, काय हवंय?" तर केवढ्याने दचकले! म्हणाले, "काही नाही, पाटी वाचतोय." पाटीवर शब्द पाच आहेत. पुढे सूर्य कलायच्या आत घाईघाईने गाडी काढून गेले. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही.

पोटात ठेवा म्हणालात म्हणून ठेवलंय. पण मला असल्या गोष्टी पचत नाहीत, तेव्हा लवकर काय ते करा.

आवारवाला


१५ फेब्रुवारी

चिमण्या,

पिवळी इमारत. तीन पायऱ्या. साडेतीन फुटी खिडक्या. साडेतीन फूट म्हणजे बेचाळीस इंच, हे तुला माहीत नसेल, पण मला झोपेतही माहीत आहे.

मी आवारवाल्याला पत्र लिहून सगळं काढून घेतलं. तू म्हणशील ताई चोरून चौकशी करते. करते! ज्याला लपवायचं असतं त्याने असल्या बहिणीच्या मागे जन्माला येऊ नये. जेलीफिश म्हणे! आणि वारा वाईट म्हणे! अरे, समुद्रावर वारा नसणार तर काय पंखा असणार?

तू आणि तुझ्या लेकीने मिळून ठरवलंत ना? म्हातारीला समुद्राची हौस आहे, तेव्हा समुद्र दाखवतो म्हणायचं, गाडीत घालायचं आणि तिथे उतरवायचं. माझ्याच खोलीचे पडदे माझ्याकडूनच शिवून घ्यायचे, ही युक्ती कुणाची? तुझी नसेल, तुझं डोकं एवढं चालत नाही. लेकीची असेल.

तोंडावर विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, पण तुझ्याबद्दल मनात किंतु आला नसता. तू सहा वर्षांचा असताना ताप आला होता, तेव्हा पाणीसुद्धा फक्त माझ्या हातून प्यायचास. दुसऱ्या कुणी दिलं तर संशयाने वास घ्यायचास. आज मी तुझ्या पत्राचा वास घेतेय. ही वेळ आली.

मी येत नाही. मिठागरांकडे नाही आणि कुठेच नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

पत्र दोनदा वाचलं. वाचायला वेळ लागला.

तुला टाकायला नेतोय असं तुला वाटलं, यावर मी काय बोलू? खिडक्या गाडीच्याच आहेत. त्या इमारतीत मी पाऊल ठेवलेलं नाही. पायऱ्या गाडीच्या दाराच्या आहेत, मीच बसवल्यात, जरा उंच झाल्यात. लेकीला यातलं काही माहीत नाही. कपडे जास्त घे म्हटलं कारण पाण्यात शिरल्यावर तू भिजणार.

विश्वास नसेल तर राहू दे. तुझा टेप परत पाठवतोय. आहे तसा पाकिटात घातलाय.

चिमणा


१ मार्च

चिमण्या,

पाकीट फोडलं आणि रागाने टेप कपाटात भिरकावणार होते, तेवढ्यात बोटाला टोचलं. बघते तर टेपमध्ये चार पिना. तू काढायला विसरलास. म्हटलं, हा टेप खिडकीला लावतो की पिनांची उशी करतो?

मग चष्मा लावून टेप मांडीवर पसरला, आणि दोन तास तिथून उठले नाही.

शिंप्याच्या टेपला दोन अंगं असतात रे. एका अंगावर आकडे या टोकापासून चढतात, दुसऱ्या अंगावर त्या टोकापासून. टेप साठ इंचांचा. पिन एकच, पण एका अंगाला ती सव्वीसवर आहे आणि पाठीला चौतीसवर. दुसरी एका अंगाला बेचाळीस, पाठीला अठरा. म्हणजे तुझी खिडकी चौतीस इंच रुंद आणि अठरा उंच. रुंद आणि बुटकी. गाडीचीच. मागचीही तशीच, चाळीस बाय सोळा.

तू चुकीचं अंग वाचलंस. पण इथेच मला घाम फुटला. नवखा माणूससुद्धा टेप लावतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक, दोन, तीन असे आकडे येतात. तुझ्यासमोर एकोणसाठ, अठ्ठावन्न आले असणार. ते बघून कुणीही टेप उलटा केला असता. तू केला नाहीस, कारण तुला ते दिसलेच नाहीत. तू टोक चाचपून खिडकीच्या कडेला लावलंस, जिथे खिडकी संपली तिथे पिन टोचलीस आणि टेप बाहेर उजेडात नेऊन डोळ्यांशी धरलास. हो की नाही?

मग एकेक टाका उसवत गेला. जाड पेन. पाटीला नाक. पाच शब्द वाचायला तेवढा वेळ. रस्ता सरळ हवा, वळणं नकोत, घाट नको, चारच्या आत पोचायचं. तू माझ्यासाठी किनारा निवडत नव्हतास. तुझ्या डोळ्यांना जेवढा रस्ता झेपेल, त्याच्या टोकाला जो किनारा येईल तो घेत होतास.

मी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते परत घेते. संशय मीच बेतला आणि मीच शिवला, वर मापात बसला म्हणून खूशही झाले. पण चिमण्या, आता जे विचारते त्याला संशय म्हणू नकोस. किती दिसतं तुला? कधीपासून? आणि अशा डोळ्यांनी तू डिसेंबरात ती गाडी घेऊन एकटा गेला होतास?

लेकीला मी कळवणार नाही. तू सांगायचंस. तोवर किल्लीला हात लावायचा नाही. मला समुद्र नाही दिसला तरी चालेल. तुझ्या गाडीखाली कुणी आलेलं मला चालणार नाही. जायचंच असेल तर तुझ्या डेपोतल्या त्या निवृत्त ड्रायव्हरला बोलाव, ज्याला तुम्ही सगळे मुंगी म्हणायचात. हळू चालवतो, पण रस्ता बघून चालवतो.

उत्तर लांबवू नकोस. माझ्या मनाला भरायला जागा ठेवू नकोस.

तुझी ताई


२६ मार्च

ताई,

उत्तर लांबलं. दोनदा लिहून फाडलं.

दीड वर्ष झालं. बरोबर मध्ये डाग आहे, कपाखालचा चहाचा डाग टेबलावर राहतो तसा. कडेचं सगळं दिसतं. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसतात, तोंड नाही. आधी वाटलं चष्मा बदलायला हवा. नंतर कळत होतं, पण ड्रायव्हरने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे स्वतःहून किल्ली टेबलावर ठेवणं. नाही गेलो.

मिठागरांचा रस्ता मी बावीस वर्षं चालवला. कुठे खड्डा, कुठे पूल, अंगात भिनलंय. रोज समुद्राच्या बाजूने जायचो आणि रोज मनात म्हणायचो, पुढच्या वर्षी ताईला आणू. बावीस वेळा पुढचं वर्ष आलं. म्हणून वाटलं, आहे तेवढ्या डोळ्यांवर एकदा नेऊन आणावं. ताईला समुद्र मी दाखवावा, दुसऱ्या कुणी नाही. एवढीच खुमखुमी होती.

डिसेंबरचं तू विचारलंस. कुणालाच सांगणार नव्हतो. परत येताना सरळ रस्ता, स्वच्छ ऊन, समोर काही नाही. एकदम खिडकीशी बाईचा आवाज, मला शिव्या घालणारा. थांबलो. एक बाई सायकलसकट रस्त्याच्या कडेच्या गवतात पडली होती. खरचटलं होतं, जास्त काही नाही. मी उतरून हात जोडले. ती म्हणाली, "एवढी मोठी मी समोरून येतेय, आंधळा आहेस का?" मला तिच्या शिव्या ऐकू आल्या, ती दिसली नव्हती. ती समोर होती ताई. बरोबर मध्ये.

तरी मी तुला मापं पाठवली. याला काय म्हणायचं ते तूच म्हण, तुझ्याकडे शब्द बरे असतात.

परवा लेकीला सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त हात पुढे केला आणि मी किल्ली दिली. मग ती रडली आणि मग ओरडली. काल डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, मधलं गेलेलं परत येणार नाही, औषधाने पुढचं थोपवता येईल, कडेचं राहील. दीड वर्ष आधी यायला हवं होतं म्हणाले.

मुंगीचं मात्र नाव काढू नकोस. चाळीस वर्षं मी त्याची टिंगल केली. एकदा डेपोत सगळ्यांसमोर म्हणालो होतो, याच्या बसमध्ये बसलेली पोरं उतरताना पेन्शनीत निघतात. आता त्याच्या शेजारी बसू? माझ्या स्वतःच्या गाडीत?

चिमणा


३० मार्च

चिमण्या,

बसायचं. तोंड मिटून बसायचं.

मी मुंगीला पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं. लिहितो, "त्याला सांगा, मी गाडी चालवत असताना पायाने खोटे ब्रेक दाबायचे नाहीत आणि वळणावर श्वास रोखायचा नाही. बाकी सगळं कबूल." मोठ्या मनाचा माणूस आहे. तू त्याच्या जागी असतास तर आधी सहा महिने टोमणे मारले असतेस.

त्या बाईबद्दल तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. याला काय म्हणायचं ते मलाही सुचत नाही. तू सांगितलंस, एवढं धरून ठेवते.

आता किनाऱ्याचं. गाडी दुसरा चालवणार म्हटल्यावर सरळ रस्त्याचं कारणच उरलं नाही. तेव्हा घाटापलीकडचा वाकडा किनारा. छत्तीस वळणं असोत नाहीतर छप्पन्न. जेलीफिशला मी बघून घेते.

पडदे नव्याने बेतले. तुझ्या उलट्या मापाने शिवलेले जुने फुकट गेले नाहीत, पिवळ्या इमारतीकडे पाठवून दिले. तिथल्या खिडक्यांना बसतील.

ताई


१९ एप्रिल

आवारवाले भाऊ,

तुमच्या सासूबाईंकडून पडद्यांची तक्रार आली असेल तर तीच पोच समजते. आणि मला आजी म्हणू नका, मावशी चालेल.

तुमच्याकडे यायचं रद्द केलं, त्याचा खुलासा करायला हवा, कारण मी तुम्हाला माझ्या भावाविरुद्ध साक्षीदार केलं होतं. तो मला कुठे टाकायला येत नव्हता. त्याची नजर गेलीय, निदान मधली. पाटी खरोखरच वाचत होता. पोटात ठेवलेलं आता सोडून द्या.

आम्ही घाटापलीकडच्या किनाऱ्यावर आहोत, आजचा तिसरा दिवस. मुंगी नावाच्या गृहस्थाने गाडी एवढी हळू आणली की वाटेत एका गाढवाने आम्हाला ओलांडलं. पहिल्या पाच वळणांना भाऊ नसलेला ब्रेक दाबत पाय रोवून बसला होता. सहाव्याला म्हणाला, "अरे, इथे धबधबा आहे?" मुंगी म्हणाला, "आपण नोकरीला लागायच्या आधीपासून आहे." भावाने आयुष्यभर शेकड्याने घाट चढले-उतरले, पण त्याची नजर कायम रस्त्यावर. बाजूला काय आहे ते त्याने पाहिलंच नव्हतं. आता त्याला बाजूचंच दिसतं. पुढचा सगळा घाट तो खिडकीला चिकटून होता, आणि मी पाहते तर पाय ब्रेकवरून सुटले होते.

समुद्राचं मी काय लिहू? तुमच्या दाराशीच आहे. मी पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "एवढं कापड!" मुंगी हसला. हसू दे.

भाऊ समुद्राकडे खांदा करून, मान तिरकी ठेवून बसतो, कारण त्याला तसं दिसतं. येणारे-जाणारे बघतात. त्यांना वाटत असेल, या माणसाचं समुद्राशी वाजलंय. मग मला विचारतो, "मधे काय आहे?" मी सांगते, "पाणीच आहे रे." तर याचा विश्वास नाही! "लपवू नकोस. मला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीस." तीन दिवस हेच. आता संशय घ्यायची पाळी त्याची आहे, आणि मला बोलायला तोंड नाही.

आत्ताही तेच झालं. मी हे पत्र लिहितेय, तो पायरीवर बसलाय. म्हणाला, "ताई, मधे होडी आहे." मी न बघताच म्हटलं, "काही नाही, नुसतं पाणी." तो म्हणाला, "इंजिन वाजतंय, मला ऐकू येतं. तुला येत नाही. नीट बघ."

चष्मा पुसला आणि बघितलं. होती. पार लांब, बरोबर मध्ये, नखाएवढी. मी त्याला तसं सांगितलं, आणि तो म्हणाला, "रंग सांग."

निळी आहे. तेच सांगायला उठतेय.

एक शिवणारी बाई